औषधाच्या खिडकीपुढची सात मिनिटं

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१५

आजपासून रोजनिशी. वही हॉस्पिटलच्या स्टोअरमधली, पण कोपरा फाटका असल्यामुळे मीच ती 'बाद' म्हणून लिहिली होती. बाद वस्तू घरी नेणं म्हणजे जागा मोकळी करणं.

परिस्थिती लिहून ठेवतो. वय एक्कावन्न. हॉस्पिटलच्या औषध-भांडारात सव्वीस वर्षं स्टोअरकीपर. हेड स्टोअरकीपरची जागा जूनमध्ये रिकामी होतेय. ती माझी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त वरच्यांना कोणी कळवलं नाही, म्हणून त्यांनी गेल्या वर्षी नियमात 'पदवी आवश्यक' अशी ओळ घुसडली. मी पदवी शेवटच्या वर्षाला सोडली होती, एकोणतीस वर्षांपूर्वी. नापास झालो नव्हतो. दोन विषय राहिले होते, तेही मीच सोडले होते.

म्हणून वर्षभर सकाळच्या कॉलेजात जातोय. पेपर निघाले. आता उरलं फक्त रिसर्च प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन. सात मार्च. आठ स्लाइड्स, दहा मिनिटं, बाहेरचा परीक्षक. हाताशी अख्खा महिना. मला चार दिवस पुरतील. उरलेल्या दिवसांत वर्गातल्या पोरांना मदत करावी म्हणतो. बिचारी गोंधळलेली असतात.

५ फेब्रुवारी, बुधवार

विषय ठरला. मी दिला होता, 'मानवी वर्तन : एक अभ्यास'. गाईड मॅडम म्हणाल्या, थोडा छोटा करू या. मॅडम तिशीच्या असतील. अनुभव कमी, त्यामुळे मोठ्या विषयाची भीती वाटते. मग छोटा करत करत आम्ही हॉस्पिटलच्या मोफत औषधांच्या खिडकीपुढच्या रांगेवर आलो. बरंच झालं. माझ्या स्टोअरची खिडकी बरोब्बर त्या रांगेच्या डोक्यावर उघडते. रिसर्च माझ्या खुर्चीखालीच उभा आहे.

मॅडमनी सांगितलं, दोनशे माणसं बघा, दहा दिवस. प्रत्येक जण रांगेत कधी लागला, औषध कधी मिळालं, मधल्या वेळात काय करत होता. मी मान डोलावली. मनात म्हटलं, सव्वीस वर्षं बघतोय बाई. एका नजरेत सांगतो कोण ढकलणार आणि कोण ढकललं जाणार.

वर्गातली मुलं मला काका म्हणतात. दरारा आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

कामाला सुरुवात. लेकीचा लॅपटॉप घेतला. ती ह्याच कॉलेजात दुपारच्या बॅचला, कॉम्प्युटर शिकते. तिने सुरुवातीलाच अट घातलीय की कॉरिडॉरमध्ये दिसलो तर ओळख दाखवायची नाही. माझ्या नावाचा फायदा घेतला असं कोणी म्हणू नये, म्हणून असेल. स्वाभिमानी आहे. माझ्यावर गेलीय.

पहिली स्लाइड पूर्ण. नुसतं शीर्षक, पण काय शीर्षक! एकेक अक्षर कोपऱ्यातून उडत येतं, गिरकी घेतं आणि जागेवर बसतं. सगळी अक्षरं बसायला अडतीस सेकंद. लेक म्हणाली, बाबा, हे काढा. तिला विचारलं, का? म्हणाली, काही नाही. काही कारण नसेल तर का काढायचं?

सकाळी साडेआठ ते संध्याकाळी पाच. एक स्लाइड. दर्जाला वेळ लागतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

निरीक्षणाचा पहिला दिवस. खुर्ची खिडकीकडे फिरवली. वरून फक्त डोकी दिसतात. नोंद : टक्कल अकरा, टोप्या चार, बाकी केस.

साडेदहाला सलाइनच्या बाटल्यांचा माल आला. मग चहा. मग माल मोजला. मग मोजून दमलो म्हणून चहा. परत बघितलं तर खाली वेगळीच डोकी. पहिल्यांना औषध मिळालेलं दिसतं. म्हणजे रांग भराभर सरकते. हा महत्त्वाचा निष्कर्ष पहिल्याच दिवशी हाती लागला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

निरीक्षणाचा दुसरा दिवस. ऊन डोळ्यांवर येत होतं. पडदा लावला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पडद्याआडून आवाज ऐकले. आवाज हाही डेटाच आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी डेटा विचारला. म्हटलं, येतोय. त्यांनी विचारलं, कुठून येतोय? ह्या पिढीला प्रत्येक गोष्ट शब्दशः घ्यायची सवय आहे.

वेळापत्रक नव्याने केलं. रोज सकाळी ५.३० उठणे, ५.४५ ते ७ वाचन, ऑफिसात ९.३० ते १ सलग निरीक्षण, रविवारी आढावा. वेळापत्रक लाल-निळ्या पेनाने आखून कपाटाच्या दारावर चिकटवलं. अर्धं काम झाल्यासारखं वाटलं. उद्यापासून.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ८.४०

उठायला उशीर झाला. वेळापत्रक परवापासून लागू.

१९ फेब्रुवारी, बुधवार. दुपार

खिडकीवाल्याकडे गेलो. खिडकीवाला म्हणजे खाली औषधं देणारा फार्मासिस्ट. अठरा वर्षं त्याच स्टुलावर. हसताना कोणी पाहिलेला नाही. त्याला म्हटलं, साधारण किती वेळ लागत असेल रे माणसाला, अंदाजे सांग. त्याने गोळ्या मोजता मोजता वर न बघताच सांगितलं, साहेब, एकदा येऊन उभे राहा, म्हणजे अंदाजाची गरज पडणार नाही.

टोमणा होता. माझ्या प्रमोशनचं कळल्यापासून ह्या लोकांच्या पोटात दुखतंय. शिवाय शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर तो रांगेच्या चुकीच्या टोकाला बसतो. त्याचं मत ग्राह्य नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३.३०

डेटा पूर्ण!

दोनशे माणसं, एक तास पस्तीस मिनिटं. घरी टेबलाशी बसून भरली. ह्याला कोणी बनवणं म्हणेल. मी म्हणेन, सव्वीस वर्षांच्या अनुभवाचं कागदावर उतरणं. हात आपोआप चालत होता. प्रत्येक माणसाला वेगळा स्वभाव दिला. सत्तावन्न नंबरच्या आजोबांना तर दमासुद्धा दिला. तीन रंगांची पेनं वापरली. सरासरी वाट बघण्याचा वेळ : सात मिनिटं. सुबक आकडा आहे. जास्त नाही, कमी नाही.

ही शेजारीच मशीनवर बसली होती. शाळांच्या गणवेशांचं शिवणकाम करते. विचारलं, हे सात कसले? सांगितलं, औषधाच्या खिडकीपुढे माणसाला लागणारा वेळ. तिने पुन्हा विचारलं, किती? म्हटलं, सात. तिने दाताने दोरा तोडला, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि मशीन सुरू केली.

संशोधनाबद्दल तिला आदर आहे. बोलून दाखवत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

चार्ट काढले. गोल, रंगीत, फोडी केलेले. एक पुरेसा होता, तीन टाकले. तिसऱ्याची बेरीज एकशे बारा टक्के येतेय. लेकीने हसून हसून उशीत तोंड खुपसलं. तिला समजावलं की माणसं एकाच वेळी चिडतात आणि गप्पाही मारतात, त्यामुळे शंभराच्या वर जाणं स्वाभाविक आहे.

हसणं थांबल्यावर म्हणाली, बाबा, हे कोणी मोजलं? म्हटलं, मी. म्हणाली, खाली उतरून? आता संशोधकाने कुठे बसायचं हेही मुलांनी सांगायचं. म्हणाली, एकदा जाऊन बघा ना, अजून बारा दिवस आहेत. मी विषय बदलून तिच्या अभ्यासाची चौकशी केली. ती उठून गेली. नेहमीचं आहे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळ

घरात रंगीत तालीम. श्रोते : आई, ही, लेक. आई दुसऱ्या स्लाइडला झोपली. तिचं वय ब्याऐंशी, बीपीच्या गोळ्यांनी गुंगी येते, त्यामुळे ती प्रतिक्रिया धरायची नाही. उरलेल्या दोघींनी शेवटपर्यंत ऐकलं. म्हणजे सदुसष्ट टक्के यश.

वेळ लागला सव्वीस मिनिटं. हवा दहा. उपाय दोन : मजकूर कमी करणे किंवा वेगाने बोलणे. मजकूर मौल्यवान आहे. वेगाने बोलणार.

४ मार्च, मंगळवार

मॅडमनी स्लाइड्स बघितल्या. मग मूळ तक्ते मागितले. पानं उलटत राहिल्या. म्हणाल्या, दोनशे जणांत एकालाही नऊ मिनिटांपेक्षा जास्त लागली नाहीत? म्हटलं, आमच्या हॉस्पिटलचा कारभार चोख आहे. आतला माणूस म्हणून सांगतो.

त्यांनी वही मिटली. दार लोटून घेतलं. हळू आवाजात म्हणाल्या, काका, नक्की मोजलंय ना? नसेल मोजलं तर आत्ता सांगा. मी प्राचार्यांशी बोलते, दोन आठवडे वाढवून घेऊ. कोणाला काही कळायचं कारण नाही.

पहिल्यांदाच काका म्हणाल्या. मी खुर्ची जरा मागे सरकवली. एसीमुळे. म्हटलं, मॅडम, गरज नाही, सगळं व्यवस्थित आहे. त्यांनी बरं म्हणून सही केली. सही नेहमीपेक्षा लहान होती.

दुपारी घरी फोन केला तर उचलायला आई. ही सकाळीच कुठेतरी बाहेर पडलेली, अजून आली नव्हती. संध्याकाळी विचारायचं राहून गेलं.

६ मार्च, गुरुवार

उद्याचा शर्ट इस्त्री झाला. ही म्हणाली, मीपण येते उद्या. घरच्यांना बसायला परवानगी आहे. गणवेशांची ऑर्डर अर्धवट टाकून येतेय. एकोणतीस वर्षांत माझ्या कुठल्या कार्यक्रमाला ती अशी आपणहून आली नव्हती. कार्यक्रमही नव्हते म्हणा.

चहा देताना म्हणाली, अहो, ते सात मिनिटांचं तेवढं काढून टाका. म्हटलं, सरासरी अशी काढून टाकता येत नाही, ती काढलेलीच असते. ती रिकामा कप उचलून आत गेली. पटलं असावं.

हेड स्टोअरकीपरच्या टेबलामागची भिंत बघून आलो. पदवीची फ्रेम तिथे घड्याळाच्या डाव्या बाजूला शोभेल.

७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ५.३०

झालं ते क्रमाने लिहितो. शास्त्रीय वृत्ती सोडायची नाही.

परीक्षक बाई होत्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, पांढरे केस, हातात पेन्सिल. माझा नंबर अकरावा. शीर्षक सुरू झालं. अक्षरं उडत आली. सतराव्या अक्षराला लॅपटॉप अडकला. अर्धा शब्द हवेत गिरक्या घेत राहिला. मागच्या बाकांवर खसखस. हिच्याबरोबर आलेल्या लेकीने पुढे येऊन काहीतरी दाबलं, मग चाललं. ह्यात दोन मिनिटं गेली. उरलेली सव्वीस मिनिटं आठ मिनिटांत बसवायची म्हणून मी जो सुटलो, तो चौथ्या स्लाइडपर्यंत श्वास घेतला नाही. बाईंनी पेन्सिल वर केली. म्हणाल्या, पाणी प्या.

पाणी प्यायलो.

मग त्यांनी विचारलं, ही सात मिनिटं कशी मोजलीत? म्हटलं, घड्याळाने. कुठल्या? भिंतीवरच्या. तुम्ही कुठे होतात? वर, स्टोअरमध्ये. तिथून रांगेचं शेवटचं टोक दिसतं? ह्या प्रश्नाचं उत्तर मला खरंच माहीत नव्हतं. म्हटलं, मॅडम, सव्वीस वर्षांचा अनुभव आहे.

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं होतं. वर्गाकडे वळून म्हणाल्या, ह्या खिडकीपुढे तुमच्यापैकी कोण कोण उभं राहिलंय? तेवीस पोरांपैकी चौदा हात वर आले. ह्यांना मी रोज बघतो. कोणाचे वडील आजारी, कोणाची आजी, मला कल्पना नव्हती.

आणि सगळ्यात मागे पंधरावा हात. हिचा.

बाईंनी तिला विचारलं, तुम्हाला किती वेळ लागतो? ही उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही. दर महिन्याचा पहिला मंगळवार, म्हणाली, सासूबाईंच्या बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या. नऊ वर्षं झाली. दोन तास धरायचे. परवाच्या मंगळवारी दोन तास दहा मिनिटं लागली, एकदा सव्वातीन लागले होते. शर्ट नेते बरोबर, उभ्या उभ्या दीड डझन शर्टांची बटणं लावून होतात.

बाई लिहून घेत होत्या. विचारलं, हॉस्पिटलात ओळखीचं कोणी नाही का? ही म्हणाली, आहे. घरचंच माणूस आहे, वरच्या मजल्यावर. सुरुवातीला एकदा त्यांना म्हटलं होतं, तुम्हीच घेऊन याल का. ते म्हणाले, स्टाफच्या घरच्यांनी मागच्या दाराने औषध न्यायचं नाही, रांगेत उभं राहील त्याला मिळेल. मला ते बरोबर वाटलं. मग उभी राहायला लागले.



असं मी कधी बोललो होतो ते आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. पण वाक्य माझंच आहे. माझ्यासारखंच आहे.

बाईंनी मला विचारलं, ह्या बाईंना तुम्ही ओळखता?

मी म्हणालो, थोडंफार.

कोणी हसलं नाही. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

निकाल जागेवरच. विषय चांगला आहे, डेटा रद्द. दोनशे माणसं पुन्हा, प्रत्येकाशेजारी उभं राहून. पुढचं प्रेझेंटेशन ऑगस्टमध्ये.

जागा जूनमध्ये भरतेय.

८ मार्च, शनिवार

परीक्षक बाईंची चूक शोधली. सकाळपासून दुपारपर्यंत. अजून सापडली नाही.

९ मार्च, रविवार

हिला विचारलं, नऊ वर्षं बोलली का नाहीस? काज करत होती. म्हणाली, विचारलंत कुठे? मग म्हणाली, आणि रोज घरी येऊन तुम्हीच सांगायचात की आमच्याकडे रांगेला वेळच लागत नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल, म्हणाली.

मी म्हटलं, गोळ्या डब्यात असायच्या, मला वाटायचं येतात. तिने कापड उलटं केलं. आई आतून म्हणाली, काय वाटायचं? 

२१ मार्च, शुक्रवार

खालच्या मजल्यावरच्या ज्युनिअर स्टोअरकीपरकडे पदवी आहे. वय चौतीस. बढतीची ऑर्डर निघायला अवकाश आहे, पण शिपाई आत्तापासून त्याला आधी चहा देतो. ज्युनिअर स्वतः येऊन म्हणाला, सर, तुमचं मार्गदर्शन लागेल. मी त्याला भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे एवढं सांगितलं.

निश्चय : ऑगस्टचं प्रेझेंटेशन देणार. पद गेलं तरी पदवी माझी आहे. शिवाय पंचावन्नाव्या वर्षी आणखी एखादी जागा निघेलच. खाली उतरून मोजणार. रोज वीस माणसं, दहा दिवसांत खलास. हिला सांगितलं, ह्यापुढे आईच्या गोळ्या मी आणीन. तिने कागद काढून दिला. फार आनंद दाखवला नाही.

१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ८.०५, रांगेत

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. माझ्या पुढे पंचेचाळीस माणसं. खिडकी साडेनऊला उघडते. वही, पेन, स्टॉपवॉच तयार. दहा वाजेपर्यंत वीस निरीक्षणं सहज.

८.५०. पाय दुखतात. इथे बाक का नाही? बाकाची मागणी कोणाकडे येते ते आठवलं. माझ्याकडे. तीन वर्षांपूर्वी 'आवश्यकता नाही' असा शेरा मारला होता.

९.४८. खिडकी उघडली. खिडकीवाल्याने मला बघितलं. मी हात केला. त्याने पुढच्या माणसाचा कागद घेतला.

१०.२०. मागच्या बाईंना जागा धरायला सांगून बाथरूमला जाऊन आलो. बाईंनी मला ओळखलं नाही. मी म्हटलं, अहो, मी इथेच होतो. मागून कोणीतरी म्हणालं, सगळे इथेच होते. मग सांगितलं की मी ह्याच हॉस्पिटलात कामाला आहे. त्यावर जे हसले ते पुढच्या टोकापर्यंत हसत गेले. एका म्हाताऱ्याने माझी कॉलर धरून मला शेवटी नेऊन उभं केलं. दमा वगैरे काही नव्हता त्याला.

१०.२५. आता पुढे एकसष्ट.

११.४०. वही लिहिताना बघून शेजारच्या मुलीने विचारलं, काय लिहिताय? म्हटलं, रिसर्च. तिने मला बाळ धरायला दिलं आणि पिशवीतलं पाणी शोधायला लागली. त्यामुळे मधली सहा-सात निरीक्षणं सुटली. बाळ झोपलं.

१२.५८. पुढे दोन जण.

१.००. जेवणाची सुट्टी. खिडकी बंद.

१.०५. तक्ता भरायला घेतला. निरीक्षण क्रमांक एक. पुरुष, वय एक्कावन्न. रांगेत लागला आठ वाजून पाच मिनिटांनी. औषध मिळालं नाही. वर्तन : रांग मोडण्याचा प्रयत्न एकदा, फसला. तक्रार बऱ्याच वेळा, कोणाकडे ते स्पष्ट नाही.

उरले एकशे नव्व्याण्णव. हे एक धरलं तर.